परशुराम क्षेत्राचा सूड

चिपळूणच्या उत्तरेस, वाशिष्ठीच्या खोऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या डोंगराच्या कुशीत श्रीपरशुरामाचे देवस्थान आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा, बंदरातून देशावर चढणारा आणि नुसत्या दर्शनासाठी येणारा, असा त्रिविध यात्रेकरू ज्या पायऱ्यांवर शतकानुशतके माथा टेकवीत आला, त्या पायऱ्यांवरून खाली दृष्टी टाकली की नदीचे वळण, खाडीचा रुपेरी पट्टा आणि त्या पट्ट्यात पाय बुडवून बसलेली गोवळकोटची टेकडी दिसते. देवालय आणि किल्ला यांच्यामधले हे अंतर एखादा सशक्त माणूस सकाळच्या उन्हात सहज चालून जाईल एवढेच आहे. परंतु इतिहासात हे अंतर तोडायला मराठी राज्याला अठरा वर्षे लागली. त्या अठरा वर्षांत एक साधू राजगुरूच्या पदाला चढला, दोन पेशवे बंधू कीर्तीच्या शिखरावर जाऊन कालवश झाले, रायगड परत आला, आणि कोकणच्या किनाऱ्यावरील सत्तेचा तोल कायमचा ढळला. या साऱ्याच्या मुळाशी एका महाशिवरात्रीला झालेला एक अपमान आणि त्या अपमानाचा सूड घेण्याचा एका वृद्ध तपस्व्याचा निर्धार होता. या अपमानाची आणि निर्धाराची कथा येथे सांगावयाची आहे.

ती सांगण्यापूर्वी ज्या देवतेच्या अंगणात ही घटना घडली, तिचे चरित्र ध्यानात घेतले पाहिजे, कारण आपल्या पुराणांत सूडाची परमावधी कोणी गाठली असेल तर ती परशुरामानेच. कार्तवीर्याच्या पुत्रांनी जमदग्नीचा वध केल्यावर त्याने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि समंतपंचकात रक्ताची पाच सरोवरे भरली, असे महाभारत सांगते. मात्र त्याच कथेचा उत्तरार्ध लोक सहसा विसरतात. जिंकलेली पृथ्वी त्याने कश्यपाला दान दिली, आणि दान दिल्यावर त्याच पृथ्वीवर त्याला पाऊल ठेवायलाही जागा उरली नाही. तेव्हा त्याने समुद्राला मागे हटवून नवी भूमी मागून घेतली. कोकणची भूमी ही अशी सूडाच्या पलीकडे गेलेल्या माणसाने निवाऱ्यासाठी मिळविलेली भूमी आहे, ही आमच्या पूर्वजांची श्रद्धा. या श्रद्धेच्या केंद्रस्थानीच पुढे सूडाची ठिणगी पडावी, यात विधिघटनेचा केवढा मोठा अर्थ साठविला आहे, हे पुढील हकीकतीवरून उघड होईल.

अठराव्या शतकाच्या आरंभी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एकच एक धनी नव्हता. दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावरचा अंजनवेल आणि खाडीच्या आतल्या टोकाचा गोवळकोट हे दोन्ही किल्ले जंजिऱ्याच्या सिद्द्यांकडे असल्यामुळे वाशिष्ठीच्या व्यापाराचे दार आणि अंगण ही दोन्ही हबशांच्या मुठीत होती. उलट हर्णैचा सुवर्णदुर्ग, शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड आणि खुद्द रत्नागिरीचा रत्नदुर्ग यांवर कान्होजी आंग्र्यांचे निशाण फडकत होते. मुंबईस इंग्रज, वसई-रेवदंड्यास फिरंगी आणि घाटावर सातारा व कोल्हापूर ही दोन छत्रपतींची घरे, अशा या गर्दीत कोकणातला रयत मनुष्य बहुधा दुअंमलीत सापडलेला असे. एकाला वसूल देऊन दुसऱ्याकडून अभयाचा कौल घ्यावयाचा, आणि तिसऱ्याची गलबते दिसली की कबिला घेऊन रान जवळ करावयाचे, ही त्याची नित्याची वहिवाट होती. सिद्दी हा जातिवंत दर्यावर्दी. बादशाही आरमाराची चाकरी आणि तिच्यापोटी मिळणारी नेमणूक यांच्या बळावर त्याने शिवछत्रपती आणि संभाजी महाराज या दोघांच्याही हाती जंजिरा पडू दिला नव्हता. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ साली मोगलांनी घेतलेला रायगडही पुढे याच सिद्द्यांच्या ताब्यात गेला होता. शिवरायांची समाधी हबशांच्या चौकीखाली असावी, हा सल साताऱ्याच्या दरबारातील प्रत्येक अंतःकरणात होताच. त्यात पेशव्यांच्या घरचे एक निराळे दुःख मिसळले होते. श्रीवर्धनचे देशमुख असलेले भट घराणे सिद्दीच्या जाचामुळेच वतन टाकून परागंदा झाले, आणि बाळाजी विश्वनाथांच्या जानोजी नावाच्या भावाला हबशांनी पोत्यात घालून समुद्रात बुडविले, अशी कथा परंपरेने चालत आलेली आहे.

याच काळात परशुराम क्षेत्री विष्णू नावाचे एक साधू तपश्चर्या करीत होते. ते मूळचे वऱ्हाडकडचे. तीर्थयात्रा करीत कोकणात आले आणि भार्गवरामाच्या सान्निध्यात रमले. पुढे ब्रह्मेंद्रस्वामी या नावाने ते सर्व महाराष्ट्राला परिचित झाले. दरवर्षी श्रावणात महिनाभर समाधी लावून बसण्याचा त्यांचा परिपाठ होता आणि त्या वैराग्याची कीर्ती हिंदू-मुसलमान असा भेद न करता सगळ्या किनाऱ्यावर पसरली होती. मिठागरांच्या कामावर चिपळुणास असताना बाळाजी विश्वनाथांनी त्यांचे दर्शन घेतले आणि तेव्हापासून भट घराण्याची त्यांच्यावर निष्ठा जडली. आंगरे घराण्यातील पुरुष आणि स्त्रिया या दोघांचीही त्यांच्यावर तितकीच भक्ती होती. आणि जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी याकूतखान हाही त्यांना मान देत असे. देवालयाच्या खर्चासाठी पेढे आणि आंबडस ही गावे इनाम चालत असल्यामुळे पूजाअर्चा आणि अन्नसत्र सुरळीत चालले होते. परस्परांचे हाडवैरी असलेले हबशी आणि आंगरे ज्या एका उंबऱ्यापाशी शस्त्र खाली ठेवून नमत होते, तो उंबरा परशुरामाचा होता. तो तसा राहिला असता तर कोकणच्या इतिहासाचे एक पान अधिक सुखाचे झाले असते.

परंतु एका हत्तीने हा समतोल मोडला. गोवळकोट आणि अंजनवेल या बाजूचा सिद्दी सरदार सिद्दी सात हा पराक्रमी असला तरी उग्र आणि संशयी प्रकृतीचा होता. स्वामी कर्नाटकात भिक्षेसाठी निघाले असता त्याने आपल्यासाठी एक हत्ती आणावा अशी त्यांच्यापाशी मागणी केली, आणि स्वामींनी सावनूरच्या नवाबाकडून तो हत्ती मिळवून कोकणच्या वाटेला लावलाही. हत्ती घाट उतरत असताना आंग्र्यांच्या लोकांनी तो अडविला आणि जयगडास नेला. आपल्याला येणारे जनावर शत्रूच्या किल्ल्यात बांधले गेले, हे ऐकून सिद्दी सात खवळला. त्याने आपली माणसे सोडविण्यासाठी पाठविली आणि चकमक झडली, पण हत्ती काही सुटला नाही. आंगरे स्वामींचे शिष्य, तेव्हा गुरूच्या संमतीवाचून शिष्य हे धाडस कसे करील, असा तर्क त्याच्या मनाने बांधला, आणि एकदा बांधलेला तर्क पारखून पाहण्याचे धैर्य संशयी पुरुषाला कधीच नसते. अपमान आंग्र्यांनी केला होता. परंतु जयगडाचे बुरूज तोफांनी सज्ज होते आणि परशुरामाच्या देवळाला मात्र तोफ नव्हती. बलवान शत्रूवरचा राग दुर्बळ शेजाऱ्यावर काढावयाचा, ही सूडाची सर्वात जुनी आणि सर्वात नीच रीत सिद्दी साताने येथे आचरली.

१७२७ च्या फेब्रुवारी महिन्यात, महाशिवरात्रीच्या दिवशी, उपोषणाने आणि पूजेने क्षेत्र गजबजलेले असताना, हबशांची फौज डोंगर चढून आली. देवालय फोडले, मूर्तींची विटंबना केली, द्रव्याचा आणि वस्त्रपात्रांचा अपहार केला, आणि पुरलेला ठेवा कोठे आहे हे सांगावे म्हणून ब्राह्मणांना यातना दिल्या. स्वामींनी पुढे आंग्र्यांकडून हत्ती सोडवून घेतला आणि तो ज्याचा त्याला पावताही केला; म्हणजे ज्या आरोपासाठी हा अनर्थ घडला तो आरोपच खोटा होता, हे सर्वांच्या नजरेसमोर सिद्ध झाले. जंजिऱ्याच्या याकूतखानाने स्वामींची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, कान्होजींनीही विनवण्या केल्या. पण हत्ती परत करता येतो, पैसाअडका परत करता येतो, भंगलेले पावित्र्य परत करता येत नाही. पै पै मागून उभारलेले देवस्थान एका दिवसात उजाड झालेले पाहून त्या वृद्ध संन्याशाच्या अंतःकरणात जो डोंब उसळला, त्याकडे आज इतक्या काळाच्या अंतरावरून पाहतानाही वाचकाचा कंठ दाटून आल्यावाचून राहत नाही. त्यांनी सिद्दीचा दोष मानला, त्याचप्रमाणे हत्ती अडविणाऱ्या आंग्र्यांनाही क्षमा केली नाही. आणि पुढच्याच वर्षी कोकणचा त्याग करून ते घाटावर निघून गेले. शाहू महाराजांनी साताऱ्यानजीकचे धावडशी गाव त्यांना दिले. तेथे त्यांनी भार्गवरामाची पुन्हा प्रतिष्ठापना केली आणि तेथून पुढली सतरा वर्षे एका हाती माळ आणि दुसऱ्या हाती लेखणी घेऊन ते सिद्दीच्या पारिपत्याची वाट पाहत राहिले.

ही लेखणी साधीसुधी नव्हती. छत्रपती, पेशवे, प्रतिनिधी, आंगरे आणि राजस्त्रिया या सर्वांशी स्वामींचा अखंड पत्रव्यवहार चाले. मोहिमांच्या कर्जाने गांजलेल्या पेशवे बाजीरावांना ते वेळोवेळी रक्कम पुरवीत. आणि कर्ज देणाऱ्या गुरूचा शब्द आशीर्वाद देणाऱ्या गुरूच्या शब्दाहून जड असतो, हे सांगावयास नको. गोवळकोट आणि अंजनवेल ही दोन नावे त्या पत्रांतून पुनःपुन्हा येत. तरीही सहा वर्षे काही घडले नाही, याचे कारण बाजीरावांची उदासीनता नव्हे. १७२८ मध्ये पालखेडास निजामाला कोंडावयाचे होते, त्याच सालच्या अखेरीस माळव्यात अंमल बसवावयाचा होता, १७२९ मध्ये छत्रसालासाठी बुंदेलखंडात धावावयाचे होते, आणि १७३१ मध्ये डभईच्या रणात दाभाड्यांसारख्या स्वकीय सेनापतीशीच सामना देण्याचा दुर्धर प्रसंग ओढवला होता. एका देवळाचा सूड आणि एका साम्राज्याची उभारणी या दोहोंत पेशव्यांनी जे आधी हाती घेतले, ते राज्यकर्त्याच्या धर्माला अनुसरूनच होते. मध्यंतरी १७२९ साली कान्होजी आंगरे निवर्तले, आणि किनाऱ्यावरचा तो एक वडीलधारा, दरारा असलेला पुरुष नाहीसा झाल्यावर त्यांच्या पुत्रांतील तेढ हळूहळू डोके वर काढू लागली.

१७३३ च्या आरंभी दैवाने संधी पुढे केली. जंजिऱ्याचा सिद्दी मरण पावला, त्याच्या मुलांत गादीसाठी खून पडला, आणि मारल्या गेलेल्या वडील मुलाचा पुत्र अब्दुल रहमान मराठ्यांच्या आश्रयास आला. सिद्दीच्या आरमारातील शेखजी नावाचा एक सरदार पेशव्यांना अनुकूल झाला होता. हा मूळचा गुहागरकडच्या कोळी पाटलांच्या कुळातला, लहानपणी हबशांच्या हाती लागून मुसलमान म्हणून वाढलेला. त्याच्या संधानाने घरचा भेद मिळाला. बाजीराव वाऱ्याच्या वेगाने कोकणात उतरले आणि मे महिन्याच्या प्रारंभी राजपुरी घेऊन तेथल्या खाडीतील सिद्दीची गलबतेच त्यांनी काबीज केली. जंजिऱ्याचा जलदुर्ग काय तो समोर उरला. आणखी एक नेटाचा धक्का, किनाऱ्यावर एकाच हुकमतीखाली चालणारी फौज आणि समुद्रातून आंग्र्यांच्या आरमाराची बळकट मिठी, एवढे जुळून आले असते तर शिवछत्रपतींचे अपुरे स्वप्न त्याच पावसाळ्यापूर्वी पुरे होण्याचा संभव होता.

पण एकाच राज्याच्या सेवकांना सूड मात्र वेगवेगळे घ्यावयाचे होते. प्रतिनिधी श्रीपतरावांना पेशव्यांचा वाढता लौकिक खुपत होता. त्यांनी रायगडच्या शिबंदीशी गुप्त बोलणे लावले आणि बाजीरावांना बाजूला ठेवून ८ जून १७३३ रोजी तो किल्ला हस्तगत केला. चव्वेचाळीस वर्षांनी शिवरायांची राजधानी स्वराज्यात आली, साताऱ्यास आनंदाला पारावार राहिला नाही, आणि तो आनंद सर्वथा यथार्थच होता. तथापि ज्या रीतीने ते यश आले तिने दोन मुत्सद्द्यांमधील दरी आणखी रुंदावली. त्यानंतर प्रतिनिधी गोवळकोटकडे वळले. स्वामींचा जीव ज्या किल्ल्यात गुंतला होता, त्याच्या पायथ्याशी अखेर मराठ्यांचे मोर्चे बसले. सिद्दी सात आत होता. आंग्र्यांच्या बाजूने बंकाजी नाईकासारखा शूर दर्यावर्दी अंजनवेलीवर लावून दिलेला होता; परंतु पावसाळा लागला होता, तीन बाजूंनी खाडीचे पाणी, चौथ्या बाजूला निसरडी चढण, दारूगोळा भिजलेला, दाणापाणी अपुरे, आणि वेढा घालणाऱ्यांत एकवाक्यता नाही, अशा स्थितीत गोवळकोट पडला नाही. प्रतिनिधींना अपयश घेऊन माघारे फिरावे लागले.

तिकडे जंजिऱ्याखालीही हाच प्रकार झाला. मुंबईकर इंग्रजांना समुद्रावर आंग्र्यांहून सिद्दी बरा वाटे. त्यांनी त्याला मदत पोचविली. सेखोजी आंगरे हा कान्होजींचा थोरला पुत्र समंजस होता आणि पेशवे व स्वामी या दोघांशीही त्याने नाते राखले होते. तो २८ ऑगस्ट १७३३ रोजी एकाएकी वारला आणि आंग्र्यांच्या घरात संभाजी व मानाजी यांच्यात उघड कलह माजला. आरमाराचे सुकाणूच असे दुभंगल्यावर बाजीरावांनी डिसेंबरात तहनामा केला. अब्दुल रहमानाला जंजिऱ्याची गादी, सिद्दीच्या मुलखातील अकरा महालांच्या उत्पन्नात निमी वाटणी, आणि रायगडासह जिंकलेली स्थळे मराठ्यांकडे, अशा त्याच्या अटी होत्या. राज्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हता. परंतु गोवळकोट आणि अंजनवेल सिद्दी साताकडेच राहिले, आणि धावडशीच्या मठात या तहाने कोणाचेही समाधान झाले नाही.

यानंतरचा अंक रत्नागिरीच्या उत्तरेस, कुलाब्याच्या मुलखात घडला. १७३६ साली सिद्दी सात आपल्या आश्रयस्थानातून बाहेर पडला आणि फौजेनिशी मानाजी आंग्र्यांच्या प्रदेशात शिरला. किल्ल्यात असेपर्यंत खाडी आणि तट त्याचे रक्षण करीत होते. उघड्या मैदानात मात्र तो मराठ्यांच्या आवाक्यात आला. बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा तातडीने खाली उतरले, मानाजी त्यांना मिळाला, आणि १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसाजवळ कामार्ल्याच्या परिसरात निकराची लढाई झाली. हबशी हे पळून जाणारे लोक नव्हेत. ते शर्थीने लढले आणि मराठ्यांकडीलही पुष्कळ माणूस कामास आले. अखेरीस सिद्दी सात रणात पडला, उंदेरीचा सिद्दी सरदारही पडला, आणि त्यांच्याबरोबर हबशांची निवडक मंडळी कापली गेली. बातमी साताऱ्यास पोचताच तोफांची सरबत्ती झाली. मवाळ स्वभावाच्या शाहू महाराजांनीसुद्धा चिमाजी आप्पांना पत्र पाठवून सिद्दी साताची तुलना रावणाशी केली आणि त्याच्या वधाने हबशांचे मूळच उखडले गेले, अशा आशयाचे धन्योद्गार काढले. स्वामींनी देवळाचा विध्वंस पाहिल्याला तेव्हा नऊ वर्षे लोटली होती.

अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर १९५५ पासून वीस वर्षे चाललेल्या ‘गनस्मोक’ किंवा १९५९ ते १९७३ या काळातील ‘बोनान्झा’ यांसारख्या पश्चिम सरहद्दीवरील कथामालांमधून सूडाची अनेक प्रकरणे रंगविली गेली. कायद्याचा हात पोचत नाही असा उजाड मुलूख, निरपराधावर झालेला घाला, तो घाला विसरू न शकणारा एक माणूस, आणि अखेरीस धुळीच्या रस्त्यावर समोरासमोर झालेली गाठ, एवढ्या साहित्यावर ती प्रकरणे उभी राहतात. आमच्या कोकणच्या सरहद्दीवर यातले काय नव्हते? मुलूख तसाच बेवारस होता, घाला तितकाच अन्यायाचा होता, आणि न विसरणारा माणूस तर त्या कथांतील कोणत्याही घोडेस्वाराहून अधिक चिवट होता. कथेचा नियम पाळावयाचा तर रेवसाच्या रणावर सिद्दी सात पडताच पडदा पडला पाहिजे. श्रोत्यांनी निश्वास टाकावा आणि उठून जावे. इतिहासाला मात्र तेथे थांबण्याची मुभा नाही, कारण त्याला विचारावे लागते की मारणारा आणि मारला गेलेला यांच्यामागे जो मुलूख उरला, त्याचे पुढे काय झाले.

मुलखाचे असे झाले की सिद्दी सात गेला तरी गोवळकोट आणि अंजनवेल जेथल्या तेथेच राहिले. मनुष्य मेला, ठाणे उठले नाही. पेशव्यांनी त्याच वर्षी जंजिऱ्याशी तह केला आणि त्यांचे लक्ष वसईकडे लागले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी फिरंग्यांच्या हातून ती घेतली, तेव्हा स्वामींना आणखी एक आनंद झाला. परंतु चिपळूणच्या खाडीवर हबशांची चौकी तशीच होती. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव नर्मदातीरी रावेरखेडीस निवर्तले आणि वर्ष उलटण्याच्या आत चिमाजी आप्पाही गेले. ज्या दोन पराक्रमी शिष्यांवर गुरूने भरवसा टाकला होता, ते दोघेही गुरूच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले, आणि नव्वदी ओलांडलेला तो वृद्ध धावडशीस एकाच ध्यासावर जगत राहिला.

तो ध्यास पुरा केला आंग्र्यांनीच. ज्या घराण्याच्या माणसांनी हत्ती अडवून या अनर्थाला निमित्त दिले, त्याच घराण्यातल्या तुळाजीला संभाजीच्या मृत्यूनंतर सरखेली प्राप्त झाली. तुळाजी शूर, धाडसी आणि मानी होता. समुद्रावर त्याच्यासारखा सेनानी कान्होजींनंतर झाला नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जानेवारी १७४५ मध्ये त्याने अंजनवेल घेतला आणि पाठोपाठ गोवळकोटही जिंकला. अंजनवेलीस गोपाळगड आणि गोवळकोटास गोविंदगड ही नावे पडली. ही वार्ता ऐकल्यानंतर काही महिन्यांनीच, जुलै १७४५ मध्ये, ब्रह्मेंद्रस्वामींनी धावडशीस देह ठेवला. महाशिवरात्रीच्या त्या दिवसापासून अठरा वर्षे त्यांनी अपमानाचा निखारा जपला होता, आणि तो विझल्यानंतर ते एक वर्षही जगले नाहीत.

येथवर वाचणाऱ्याला सर्व हिशेब चुकता झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सूडाच्या जमाखर्चात शिल्लक नेहमी दुसऱ्या कोणाच्या नावावर निघते. तुळाजीने गोवळकोट घेतला खरा, तथापि तो पेशव्यांना जुमानीना. बाळाजी बाजीराव आणि तुळाजी यांच्यातील वैर इतक्या थराला गेले की पेशव्यांनी स्वकीय सरखेलाला नमविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांचे आरमार बोलाविले. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या आरंभी गोपाळगड पेशव्यांकडे आला. आणि त्याच फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची सगळी गुराबे आणि गलबते इंग्रजी तोफांच्या आगीत जळून गेली. तुळाजीच्या नशिबी मरेपर्यंतची कैद आली, बाणकोट इंग्रजांच्या पदरात पडला, आणि कोकणच्या समुद्रावर मराठ्यांचे म्हणून जे सामर्थ्य कान्होजींनी एका आयुष्यात उभे केले होते ते नामशेष झाले. जंजिरा मात्र कोणाच्याच हाती आला नाही. सिद्द्यांचे ते संस्थान १९४८ साली स्वतंत्र हिंदुस्थानात विलीन होईपर्यंत नांदत राहिले.

स्वामींच्या पत्रव्यवहाराचे दप्तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रकाशात आले, आणि तेव्हापासून त्यांच्याविषयी दोन मते चालत आलेली आहेत. दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी त्यांच्याकडे स्वराज्याच्या प्रेरक राजगुरूच्या भूमिकेतून पाहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांच्या सावकारीवर आणि राजकारणातील त्यांच्या दृष्टीच्या मर्यादांवर कठोर प्रहार केले. माझ्या मते या दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, पण मूळ प्रश्न स्वामींच्या थोरवीचा नाहीच. देवालय भ्रष्ट झालेले पाहून ज्याचे रक्त तापले नाही तो संन्यासी कसला, आणि प्रजेच्या श्रद्धास्थानावर घाला पडला असता ज्याने तरवार उपसली नाही तो राजा कसला? सिद्दी साताचे पारिपत्य करणे हे राज्याचे कर्तव्यच होते, आणि रेवसाच्या रणांगणावर पडलेल्या मराठ्यांचे ऋण रत्नागिरीच्या मातीवर कायमचे आहे.

दोष आहे तो कर्तव्याला सूडाचे माप लावण्यात. सूडाला एक चेहरा लागतो, आणि तो चेहरा धुळीला मिळाला की काम झाले असे त्याला वाटते. राज्याला मात्र खाडी लागते, बंदर लागते, आरमार लागते, आणि ते सांभाळणाऱ्या माणसांतील एकोपा लागतो. १७३३ साली प्रतिनिधींना पेशव्यांवर, संभाजीला मानाजीवर आणि स्वामींना सिद्दी सातावर मात करावयाची होती. जंजिऱ्यावर मात करावयाची आहे, हे ध्येय त्यांपैकी प्रत्येकाच्या मनात दुसऱ्या क्रमांकावर होते. म्हणून गोवळकोटच्या वेढ्याला एकवाक्यता लाभली नाही, म्हणून रायगडचा आनंदही दुहीच्या विषाने कालवला गेला, आणि म्हणूनच ज्या तुळाजीने शेवटचा घाव घातला त्याचेच आरमार पुढे स्वकीयांनी परक्यांकडून जाळविले. ‘सिद्दी सात मारला गेला’ हे वाक्य आमच्या मुलांना शिकविताना त्याच्या पुढचे ‘जंजिरा राहिला’ हे वाक्यही तितक्याच ठळकपणे शिकविले पाहिजे. अन्यायाची चीड मनुष्याला उभे करते, यात संशय नाही, आणि ती चीड ज्या समाजात मेली तो समाजही मेला. पण उभे राहिल्यानंतर कोणत्या दिशेने चालावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या चिडीला देऊ नये, एवढा बोध वाशिष्ठीच्या काठच्या या अठरा वर्षांनी आपल्यासाठी मागे ठेवला आहे.